गल्ल्यावर बसवण्याआधी शिकवा, मग हिशेब मागा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींत ‘कॅशिअर पाहिजे, अनुभवाची अट नाही’ अशा ओळी दिसू लागतात आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर त्या आणखी वाढतात. किराणा सुपरमार्केट, औषधांचे दुकान, कापडाची पेढी, हॉटेल, पेट्रोल पंप, रुग्णालयातील बिलांची खिडकी, गावातील पतसंस्था, सगळीकडे गल्ल्यावर माणूस लागतोच, आणि पहिल्यांदाच कमवायला बाहेर पडणाऱ्या कितीतरी मुलामुलींची सुरुवात याच कामापासून होते. मी सांगलीच्या बाजारपेठेत बरीच वर्षे गल्ला सांभाळला असून सध्या एका दुकानात मुख्य रोखपाल या नात्याने नवीन मुलांना हे काम शिकवते. या कामाकडे ‘बिल करायचे आणि पैसे घ्यायचे, त्यात काय शिकायचे’ अशा नजरेने पाहिले जाते, आणि त्याची किंमत गल्ल्यावर बसलेला नवखा मुलगा किंवा मुलगी आपल्या पगारातून मोजते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बहुतेक दुकानांत प्रथा अशी आहे. नव्या मुलीला पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास बिलिंगचा संगणक दाखवला जातो, दुपारपर्यंत तिला काउंटरवर बसवले जाते, आणि रात्री रोकड कमी भरली तर ‘पगारातून कापू’ एवढेच सांगितले जाते. सकाळी ड्रॉवरमध्ये सुट्टे किती होते हे तिच्यासमोर कोणी मोजलेले नसते. दुपारी ती जेवायला गेली असताना त्याच ड्रॉवरवर दुसरे कोणी बसलेले असते, मालकांनी मधेच चहावाल्याला किंवा टेम्पोवाल्याला द्यायला गल्ल्यातून पैसे उचललेले असतात आणि त्याची चिठ्ठी कुठेच नसते. अशा गल्ल्याची तूट कोणाची हे कोणीच प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, तरीही ती नावावर पडते ती सर्वांत नव्या माणसाच्या.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. दिवाळीच्या गर्दीत एका दुकानात नुकत्याच लागलेल्या मुलीच्या ड्रॉवरमध्ये रात्री १,८४० रुपये कमी आले. तिने दोन वेळा नोटा मोजल्या, तिसऱ्यांदा मोजताना तिचे हात थरथरत होते, आणि पगारातून रक्कम कापण्याच्या कागदावर तिची सही घेण्याची तयारी झाली होती. स्वाइप मशीनची दिवसअखेरची पावती काढून संगणकातील कार्डाच्या रकमेशी ताडून पाहिली, तेव्हा मशीनवर नेमके १,८४० रुपये जास्त निघाले. गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे दिले होते आणि बिल मात्र ‘रोख’ या प्रकारात बंद झाले होते. दुकानाचा एक रुपयाही गेला नव्हता. पाच मिनिटांच्या या पडताळणीची पद्धत त्या मुलीला कोणी दाखवली नव्हती, आणि ज्यांना ती माहीत असायला हवी होती त्यांनी ती केल्याशिवाय कापणीचा कागद पुढे केला होता.

याबाबत कायदा काय सांगतो, हे मालक आणि कामगार दोघांनीही जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते. ज्या रकमेचा हिशेब देण्याची जबाबदारी कामगारावर आहे ती रक्कम त्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा कसुरीमुळे थेट गमावली गेली, तरच ती वेतनातून कापता येते. कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. आणि तिची नोंद ठेवावी लागते. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात हे तत्त्व होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. ‘कमी आले की कापले’ हा सरसकट नियम या चौकटीत कुठेच बसत नाही. सामायिक ड्रॉवरमधील तूट एकाच्या निष्काळजीपणामुळे झाली हे तर सिद्धच करता येत नाही. म्हणूनच माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे म्हणणे असे की एका पाळीत एका ड्रॉवरवर एकच माणूस असावा, संगणकात त्याचा स्वतंत्र लॉगिन असावा, आणि तो उठला की ड्रॉवरला कुलूप लागावे.

या कामात उतरू इच्छिणाऱ्यांना ते प्रत्यक्षात कसे चालते याची कल्पना यावी म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दिवसाची सुरुवात हातशिल्लक, म्हणजे सुट्ट्यांसाठी ड्रॉवरमध्ये आधीच ठेवलेली रक्कम, ताब्यात घेण्याने होते. दहाच्या किती, वीसच्या किती, नाणी किती असा तपशील कागदावर लिहून, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनी सही करायची. ‘दोन हजार आहेत, बस’ असे कोणी म्हटले तरी मोजल्याशिवाय बसायचे नाही. ड्रॉवरमध्ये प्रत्येक नोटेचा कप्पा ठरलेला हवा आणि सगळ्या नोटांचे तोंड एकाच बाजूला हवे, कारण दहा नोटांत एक वेगळी मिसळली तर ती हाताला कळण्याआधी डोळ्यांना कळते. गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली की ‘पाचशे दिलेत’ असे ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायचे आणि ती नोट उरलेले पैसे परत देईपर्यंत कप्प्यात टाकायची नाही, ड्रॉवरवर आडवी ठेवायची. ‘मी पाचशे दिले होते, तुम्ही शंभरच धरले’ हा वाद बहुतेक वेळा या एका सवयीने सुरूच होत नाही. उरलेले पैसे देताना बिलाच्या रकमेपासून वर मोजत जावे. बिल ३६५ रुपयांचे असेल तर पाच रुपये ठेवून ‘तीनशे सत्तर’, मग तीस ठेवून ‘चारशे’, मग शंभर ठेवून ‘पाचशे’ असे. मनातल्या मनात वजाबाकी करून एकदम मूठभर पैसे हातात ठेवण्यापेक्षा हे सावकाश वाटते, पण गिऱ्हाइकाचीही त्याच वेळी खात्री होते.

सुट्ट्यांच्या बाबतीत नवख्याला फसवण्याचे प्रकारही होतात. एखादा माणूस व्यवहार चालू असतानाच ‘थांबा, ही पाचशे परत द्या, मी सुट्टे देतो, आणि हो, या शंभराची मोडही द्या’ असे म्हणत दोन-तीन व्यवहार एकमेकांत गुंतवतो आणि गोंधळात दिलेले पैसे दुसऱ्यांदा घेऊन जातो. यावर उपाय एवढाच की पहिले बिल पूर्ण होऊन ड्रॉवर बंद झाल्याशिवाय दुसऱ्या नोटेला हात लावायचा नाही. मागे रांग कितीही ओरडत असली तरी हे सोडू नये, आणि जो मालक अशा वेळी मुलीवर ‘हात चालव’ म्हणून ओरडतो त्याने नंतर तूट मागू नये. याच ओघात सांगते की सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट देण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. चॉकलेट हे चलन नव्हे, आणि त्यावरून होणारी कटकट सोसावी लागते ती काउंटरवरच्या माणसाला. सकाळी बँकेतून पुरेशी नाणी आणून ठेवणे ही मालकांची जबाबदारी आहे. दहा रुपयांच्या नाण्याबद्दल तर अजूनही काही ठिकाणी नकार ऐकू येतो. तोपर्यंत वेगवेगळ्या १४ प्रकारच्या नक्षींत निघालेली ही सर्व नाणी वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केलेले आहे.

नोट ओळखणे हाही शिकवण्याचाच विषय आहे. सध्याची पाचशेची नोट करड्या रंगाची, १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असते, मागे लाल किल्ला असतो. नोट तिरकी केली की तिच्यातील सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो, उजवीकडे खाली छापलेला ५०० हा आकडाही तसाच रंग बदलतो, आणि दोन्ही कडांना बोटाला जाणवतील अशा पाच तिरक्या उठावदार रेषा असतात. शंभराच्या नोटेवर त्या चार असतात. नोटेच्या क्रमांकातील आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. हे सगळे गिऱ्हाइकासमोर भिंग घेऊन पाहायचे नसते. बोट फिरवणे आणि नोट किंचित कलती करणे एवढे दोन सेकंदांत होते, मात्र त्यासाठी आधी शांतपणे पन्नासेक खऱ्या नोटा हाताळून सराव करून घ्यायला हवा. संशय आला तर आरडाओरडा न करता दुसरी नोट मागावी आणि वरिष्ठांना सांगावे. बनावट नोट बँकेत गेली तर बँक ती जप्त करून पोच देते, तिचे पैसे मिळत नाहीत. काही ठिकाणी अशी नोट ‘गर्दीत खपवून टाक’ असे नव्या मुलांना सांगितले जाते, हे मला अत्यंत गंभीर वाटते. नोट बनावट आहे हे माहीत असूनही ती खरी म्हणून पुढे देणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि तो ज्याच्या हातून घडतो तो या प्रकरणात एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा असतो. फाटलेली किंवा मळलेली नोट ही मात्र वेगळी गोष्ट. ती रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेच्या शाखेत बदलून मिळते, तेव्हा तिच्यावरून गिऱ्हाइकाशी भांडू नये.

यूपीआय आल्यापासून रोकड कमी झाली, त्यामुळे रोखपालाचे काम सोपे झाले असा समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. पूर्वी गल्ल्यात एकच प्रकारचे पैसे असत. आता एकाच बिलाचे दोनशे रोख, तीनशे क्यूआरवर आणि उरलेले कार्डावर असे तुकडे होतात आणि रात्री तिन्ही बाजू स्वतंत्रपणे जुळाव्या लागतात. गिऱ्हाइकाच्या फोनवरील ‘बरोबर’ची हिरवी खूण किंवा स्क्रीनशॉट हा पैसे आल्याचा पुरावा नव्हे. दुकानाच्या यंत्राने आवाज दिला किंवा दुकानाच्या ॲपमध्ये रक्कम दिसली, तरच बिल बंद करायचे. यंत्र बंद पडले किंवा रेंज गेली तर काय करायचे हे मालकांनी आधीच ठरवून लेखी सांगितले पाहिजे, नाही तर ‘तू जाऊ कसे दिलेस’ हा प्रश्न पुन्हा त्या मुलीलाच विचारला जातो.

दिवसअखेरीची जुळवणी हा या कामाचा खरा कस आहे, आणि तिथे घाबरून जाण्याचे कारण नसते. आधी हातशिल्लक बाजूला काढावी, मग रोकड, कार्ड आणि यूपीआय यांच्या बेरजा संगणकातील बेरजांशी एकेक करून ताडाव्यात. एका बाजूला जितके कमी तितकेच दुसऱ्या बाजूला जास्त असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे बिल चुकीच्या प्रकारात बंद झालेले असते. हाताने लिहिलेल्या नोंदींत फरक येत असेल आणि त्या फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, जसे ५४० च्या जागी ४५० लिहिले की ९० चा फरक पडतो. फरक नेमका एखाद्या बिलाएवढा असेल तर रद्द केलेली आणि परत घेतलेल्या मालाची बिले पाहावीत. रद्द बिलावर वरिष्ठांची सही नसेल तर ते स्वीकारूच नये. जुळवणीच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या की त्याची एक प्रत, निदान मोबाइलवर काढलेला फोटो, रोखपालाकडे राहिला पाहिजे. रोकड जास्त निघाली तरी ती लिहायची. जास्तीचे पैसे उद्याच्या तुटीसाठी बाजूला ठेवण्याची सवय लागली की हिशेबावर कोणाचाच विश्वास राहत नाही.

आता सुरुवात कशी करावी याविषयी. दुकानात किंवा हॉटेलात रोखपाल होण्यासाठी दहावी-बारावी, साधा हिशेब, संगणकावर बोटे चालणे आणि लोकांशी नीट बोलता येणे एवढे पुरते. एमएस-सीआयटी केलेले असेल तर उत्तमच. किरकोळ विक्री क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ‘रिटेल कॅशिअर’ या कामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आखलेला आहे, त्याची चौकशी जवळच्या कौशल्य विकास केंद्रात करावी. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेसारख्या योजनांतूनही आस्थापनांत प्रशिक्षणार्थी म्हणून विद्यावेतनावर काम शिकता येते. बँकेत जायचे असेल तर मार्ग वेगळा आहे. तिथे लिपिक पदासाठी आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची किंवा स्टेट बँकेची परीक्षा द्यावी लागते आणि त्यासाठी पदवी हवी. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात, कोणा एकाच्या हाती सगळे दिलेले नसते. हे तत्त्व लहान दुकानांनीही उचलायला काय हरकत आहे? सराफाच्या पेढीवर बसणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की आयकर कायद्याप्रमाणे एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही.

मुलाखतीला जाताना मुलांनी पगाराबरोबर आणखी काही गोष्टी संकोच न करता विचाराव्यात. ड्रॉवर माझ्या एकट्याकडे असेल का, सकाळ-संध्याकाळ मोजणी माझ्यासमोर होईल का, पहिले काही दिवस अनुभवी माणूस शेजारी बसेल का, आणि रोकड कमी आली तर चौकशी कशी होते. या प्रश्नांनी मालक रागावत असतील तर ती नोकरी न घेतलेली बरी. गुणपत्रिकेची मूळ प्रत, कोरा धनादेश किंवा कोऱ्या कागदावरची सही ‘तारण’ म्हणून कोणीही मागितली तरी देऊ नये; साक्षांकित प्रती पुरेशा असतात. ‘कॅशिअरची नोकरी लावून देतो, आधी डिपॉझिट भरा’ असे सांगणाऱ्या मध्यस्थांना तर दारातूनच परत पाठवावे. आईवडिलांनीही पहिल्या दिवशी मुलीला डबा देऊन पाठवताना ‘नीट मोजत जा’ एवढेच न सांगता, ‘मोजल्याशिवाय सही करू नकोस’ हेही सांगावे.

आणखी एक मुद्दा वरवर लहान दिसतो, पण आठ-नऊ तास उभे राहिलेल्या माणसाला तो लहान वाटत नाही. अनेक दुकानांत रोखपालाला बसू दिले जात नाही, बसलेला माणूस आळशी दिसतो असे कारण दिले जाते. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. सायंकाळी सातनंतर पाय भरून आलेल्या माणसाच्या हातून मोजणी चुकते, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. प्रत्येक काउंटरमागे एक उंच स्टूल ठेवण्याचा खर्च एका चुकलेल्या बिलाएवढाही नसतो.

गिऱ्हाइकांनाही एक विनंती आहे. छापील किमतीपेक्षा जास्त दर लागला, पिशवीचे पैसे लावले किंवा मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय बिल निघत नाही असे सांगितले, तर तुमचा राग रास्त आहे. पण ते नियम काउंटरवरच्या मुलीने केलेले नसतात. क्रमांक देण्याची सक्ती करू नये असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच विक्रेत्यांना कळवले होते. तेव्हा क्रमांक द्यायला शांतपणे नकार द्या, व्यवस्थापकांना बोलवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा, आणि आपले उरलेले पैसे मात्र काउंटर सोडण्याआधी तिथेच मोजून घ्या.

सांगलीसह सर्वच शहरांतील व्यापारी संघटनांना माझे आवाहन आहे की त्यांनी एकत्र बसून एक पानी मराठी नमुना तयार करावा. त्यात सकाळच्या हातशिल्लकेचा तपशील, दिवसभरात गल्ल्यातून काढलेल्या रकमा, रोकड-कार्ड-यूपीआयची जुळवणी, फरक असल्यास रोखपालाचे म्हणणे आणि दोन सह्या एवढे रकाने असले तरी पुरेत. नव्या माणसाला पहिला आठवडा तरी एकट्याला बसवू नये आणि त्या काळातील तुटीसाठी त्याच्या पगाराला हात लावू नये. कामगार आयुक्त कार्यालयाने दिवाळीपूर्वीच्या हंगामी भरतीच्या वेळी वेतनकपातीच्या नियमांचे पत्रक दुकानांच्या दर्शनी भागात लावण्यास सांगितले, तर अनेक वाद तिथेच मिटतील. आपल्या वृत्तपत्रालाही विनंती आहे की ‘कॅशिअर पाहिजे’ ही जाहिरात स्वीकारताना पगार, कामाचे तास आणि प्रशिक्षणाचे दिवस हे तीन तपशील जाहिरातदाराकडून आवर्जून मागावेत. गणपतीनंतर या जाहिराती वाढू लागतील, तेव्हा त्याआधी हे पत्र प्रसिद्ध झाल्यास उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक मुख्य रोखपाल
सांगली